हिरव्या पत्र्याखालचा बेदाणा

रहिमतपूर

आदरणीय बादशहाभाई यांस तुमच्या बहिणीचा नवरा वाजिद याचा सलाम.

भाभींची गुडघेदुखी आता कशी आहे? सांगलीत तुमचा बेदाण्याचा व्यापार जोरात असेल (असावाच, त्याच्याशी माझं काम आहे, पण ते नंतर). इकडे शाहजादी ठणठणीत आहे. मीही बरा आहे, डोळे सोडून. खरं तर डोळ्यांनाही काही झालेलं नाही, झालंय ते डोक्याला. फोनवर ही हकीकत सांगायचा धीर झाला नाही, म्हणून पत्र.

आमच्या लेकीच्या, अर्शियाच्या मंगनीत प्रत्येक पाहुण्याला घरच्या हिरव्या बेदाण्याचा डबा द्यायचा, असं मी शिरवळच्या आपल्या व्याह्यांना, लालासाहेबांना, छातीठोकपणे सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "आवं मास्तर, माझ्याकडनं न्या की. कशाला नाद करताय?" त्यावर मी तुम्हालाच बाष्पीभवन समजावून दिलं (चहा निवेपर्यंत. तुम्ही ऐकून घेतलंत, हा तुमचा मोठेपणा). मग वडूजहून द्राक्षं आणली आणि परसातल्या शेडमध्ये जाळ्यांवर वाळत घातली. शेडला वरून आणि बाजूंनी हिरवा फायबरचा पत्रा आहे, हे लक्षात ठेवा. माझ्या ते राहिलं नाही.

रोज शाळा सुटली की मी आत जाऊन बसायचो. द्राक्षं सुकत गेली, पण हिरवी ती हिरवीच. लालासाहेब सहकुटुंब आले, तेव्हा त्यांच्याही खुर्च्या तिथंच टाकल्या. ते म्हणाले, "रंग लय झ्याक हाय." त्या वेळी त्यांचा पांढरा सदरा हिरवा दिसत होता, वाटीतली साखर हिरवी, माझी दाढीही हिरवी (ती पांढरी आहे, हे तुम्ही जाणताच). इतकं सगळं हिरवं असताना मला कौतुक वाटलं ते फक्त बेदाण्याचं.

परवा डबे भरायला एक ताट अंगणात आणलं, तर बेदाणा गुळासारखा तपकिरी. वाटलं, ऊन लागलं. ताट घेऊन आत पळालो, हिरवा. बाहेर आलो, तपकिरी. पुन्हा आत. शेजारच्या मनुबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "मास्तर, काय हरवलं व्हय?" तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. 'प्रकाश' हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवतोय. बेदाण्याच्या पोटात काही दिवा नसतो. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला जो रंग तो परत फेकतो, तोच आपल्याला दिसतो. उन्हात सगळे रंग असतात, म्हणून उन्हात खरं काय ते कळतं. हिरवा पत्रा हिरवा तेवढा खाली सोडतो आणि बाकीचे अडवतो. मग खाली बेदाणा असो की व्याही, परत फेकायला हिरव्याशिवाय असतंच काय? हे मी पोरांना रंगीत जिलेटिनचा कागद धरून दाखवतो आणि ज्याला कळत नाही त्याला वर्गात उभं करतो. त्या दिवशी अंगणात मी बराच वेळ उभा होतो.

हसू नका. शाहजादीला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती सगळ्या नात्यागोत्यात माझ्या बेदाण्याची तारीफ करून बसली आहे. पोरीच्या मंगनीत तिला मान खाली घालावी लागली, तर मला ते सहन व्हायचं नाही.

भाभींना सलाम, मुलांना दुवा.

तुमचा,
वाजिद

ता. क. : मंगनी शुक्रवारी आहे. तुमच्या दुकानातला चांगला हिरवा बेदाणा गुरुवारच्या एसटीनं पाठवा. पोत्यावर दुकानाचं नाव नको. शाहजादीला कळू देऊ नका.

आणखी ता. क. : भाईजान, मी शाहजादी. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडंच दिलं. बेदाणा उजेडात नेऊन मी केव्हाच बघितला होता, पण हे शेडमध्ये इतके खुशीत बसायचे, की सांगायला जीभ रेटली नाही. विहीणबाईंनीही जाताना ओंजळभर नेला होता. घरी पोचल्यावर त्यांचा फोन आला, "रंग कसा का असंना, लय ग्वाड हाय. मंगनीत त्योच द्या, दुसरा नगं." तेव्हा डब्यांत हाच जाणार. तुम्ही पोतं मात्र पाठवा. हे गुपचूप डबे बदलतील, तेवढा वेळ मी मनुबाईंकडं जाऊन बसेन. मग मी पुन्हा बदलीन आणि तुमचा हिरवा शीरखुर्म्यात घालीन. यांना यातलं काही बोलू नका. मंगनीच्या दिवशी त्यांची मान ताठ राहू दे.