उजवा गाल

प्रिय डावऱ्या,

मामा तुझे कपडे न्यायला आला आहे. आई आत पिशवी भरते आहे आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून त्याच्याशी हळू आवाजात बोलते आहे. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा हे पत्र तुझ्या शर्टांच्या घडीत सारून देतो. पिशवी उपसायचा तुला किती कंटाळा, ते मला ठाऊक आहे, पण शर्ट तरी लागेलच. आईचा गुडघा अजून कुरकुरतो. न्हाणीघरातला नळ गळतोच आहे. माझं विचारशील तर मी थकलोय रे. काम नेहमीचंच, ऑपरेशनआधी पेशंटची दाढी करायची, केस काढायचे. पण हल्ली घरी आलो की चपला काढायलासुद्धा दारात बसून घेतो.

लहानपणी माझ्या हॉस्पिटलातल्या गोष्टी ऐकल्याशिवाय तू जेवायचा नाहीस, म्हणून एक सांगतो. आमच्या वॉर्डात एक फरशी बसवणारा आला आहे, तुझ्याहून थोडा मोठा असेल. रस्त्यात स्कूटरला स्कूटर घासली, शब्दाने शब्द वाढला आणि समोरच्याने त्याला मारलं. तो खाली पडला तरी मारत राहिला. गालाचं हाड आत दबलं, डोळ्याखालचं मोडलं, जबड्याला तडा गेला. त्याला ऑपरेशनला नेण्याआधी मला बोलावलं. आता माझी एक खोड तुला माहीत नसेल. मारामारीत मोडलेले चेहरे मी इतके भादरलेत की हात आपोआप चालतो. मारणारे बहुतेक उजव्या हाताचे, म्हणून फुटतो तो समोरच्याचा डावा गाल. मी साबण लावायला नेहमी उजव्या, म्हणजे धडक्या गालापासून सुरुवात करतो, तेवढाच माणूस सैलावतो. त्या दिवशीही सगळा चेहरा सुजलेला होता आणि मी न बघता ब्रश उजव्या गालावर टेकवला. तो असा कळवळला की दारातली नर्स धावत आली. सगळा मार उजव्या बाजूला होता.

मी माफी मागितली आणि ब्रश पाण्यात बुचकळत उभा राहिलो. आदल्या संध्याकाळी तू डावा हात सुजवून घरी आला होतास. दुकानाच्या शटरमध्ये सापडला म्हणालास. आईने बर्फ लावला, मी मलम आणून दिलं आणि सकाळी तू मामाकडे निघून गेलास. तरी जगात डावरे काय थोडे आहेत, असं मनाशी म्हणत मी त्याची दाढी पुरी केली. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं. पण घरी येऊन तुझी स्कूटर पाहिली. पुढचा रंग खरवडला होता आणि त्यात दुसरा, त्या माणसाच्या बायकोने त्यांच्या स्कूटरचा सांगितला होता तोच रंग बसला होता.

ऑपरेशन झालं. त्याचे वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधलेत, म्हणजे हाड सांधेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सूप, दूध, सगळं नळीने. बोलायचं ते पाटीवर लिहून. उलटी झालीच तर तारा कापायला एक छोटी पक्कड उशाशी टांगलेली असते आणि त्याची बायको त्या पक्कडीकडे बघत बसून असते, डोळा लागू देत नाही. त्याला अजून एकाचे दोन दिसतात. डॉक्टर म्हणतात, होईल कदाचित नीट, कदाचित नाही. फरशीची रेघ ज्याला दोन दिसते, त्याला काम कोण देणार? मारणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, म्हणून कोण ते त्यांना कळलेलं नाही. ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, मलाही विचारायची. मी एक दिवसाआड टाके सांभाळत त्याची दाढी करायचो आणि कानावर हात ठेवायचो.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणतात. त्या वॉर्डात ही म्हण आठवली तेव्हा माझी मलाच लाज वाटली. स्कूटर पाहिल्यावर तुझ्या आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणते, त्यानेच आधी शिवी दिली असेल, आणि आता बोलून त्याचं हाड जुळणार आहे का? तिच्यावर मी रागावत नाही. तू डाव्या हाताने लिहितोस म्हणून मास्तर मारायचे, तेव्हा शाळेत जाऊन मीच बजावून आलो होतो की माझ्या पोराच्या हाताला हात लावायचा नाही. त्या हाताची बाजू मी तुझ्या आईच्याही आधी घेतली आहे.

आज सकाळी त्याची अर्धी दाढी झाली असताना मला पुढे जाववेना. त्याच्या बायकोला म्हटलं, मारणारा माझा मुलगा आहे. तिने साबणाची वाटी माझ्या हातातून काढून घेतली, खिडकीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्याने पाटी ओढली आणि लिहिलं, पोरगा कुठाय? मी म्हटलं, आणतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, त्याला मी एक दिसत होतो की दोन, कोण जाणे. मग त्याने मान मागे टाकली, गळा माझ्यासमोर केला आणि डोळे मिटले. उरलेली दाढी मी केली. वस्तरा गळ्यावरून फिरत होता, तरी त्याने डोळे उघडले नाहीत. म्हणून हे पत्र. परवा सकाळी मी त्याच्या बायकोबरोबर पोलीस चौकीत जाणार आहे आणि तू आला नाहीस तर मामाच्या घराचा पत्ता देणार आहे. आईला हे अजून सांगितलेलं नाही, मामा गेला की सांगेन. उद्याची गाडी पकडलीस तर आपण बरोबर जाऊ. तिथे तुला जितका वेळ बसवतील, तितका वेळ मी तुझ्या शेजारी बसेन. शेजारी बसायची माझी फार इच्छा आहे रे. ये.

तुझाच,
बाबा