माझ्याच अर्जाला उत्तर

ती. अक्का, बोईसरहून खंडूचा नमस्कार.

इथल्या गावातल्या भागीनं सोमवारी "तुमी शिकलेले हाय ना, मंग लिहा," म्हटलं आणि माझं सगळं उलटंपालटं झालं. वीजघरासाठी गाव उठवू नका, असा अर्ज मी लिहिला. गावानं अंगठे उमटवले. मी कारकुनी करतो त्या वीजघराच्याच कचेरीत आज साहेबांनी तोच अर्ज माझ्यापुढं ठेवला. "अक्षर झकास आहे, खंडेराव. नामंजूर म्हणून तुम्हीच कळवा."

जेवण वेळेवर होतं, काळजी नको. आईचा खोकला थांबला? कॉलेज सोडल्याचं बाबा अजून काढतात?

वीज मलाही हवी आहे गं. अर्ज गावासाठी लिहिला की भागीसाठी, तेही कळत नाही. कचेरीच्या फाटकासमोर गावातले सगळे शांतपणे धरणं धरून बसलेत. भागी माझ्या खिडकीकडं बघतसुद्धा नाही.

उत्तर लिहिलेलं नाही. कचेरीचं दार ओढून घेतो आणि त्यांच्यात जाऊन बसतो.

तुझा गोंधळलेला,
खंडू