टीव्ही टाकायचे पंधरा युरो

४ मार्च २००६, शनिवार. स्टुटगार्टजवळ.
जुना टीव्ही गेला. गाडीत घालून नगरपालिकेच्या भंगार डेपोत नेला. तिथला दाढीवाला म्हणाला, टाकायची फी पंधरा युरो. पुण्यात भंगारवाला उलट आपल्याला पैसे देतो! त्याने बोट नाचवलं. मी ते पिरगाळलं. थोडंसंच. मला कायमची प्रवेशबंदी. नैतिक विजय माझाच.

५ मार्च.
निश्चय. टीव्ही फोडायचा, तुकडे घरच्या कचऱ्यातून रोज थोडे थोडे काढायचे. शेवटी मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. क्रांती म्हणाली, "जयंत, मी देते पंधरा युरो." बायकोला तत्त्व कळत नाही.

११ मार्च, दुपारी २. तळघर.
पहिला घाव. हातोडा उसळून माझ्याच कपाळावर. मागचं झाकण उघडून स्क्रू ड्रायव्हर खुपसला, तर झटका बसून भिंतीवर आदळलो. प्लग काढलेला असताना! मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट. आता प्रकरण वैयक्तिक आहे.

१३ मार्च.
कुऱ्हाड घेतली. फीच्या दुपटीहून महाग, पण आयुष्यभर टिकेल. गॉगल नाही घेतला. फालतू खर्च.

१८ मार्च, सकाळी ११.
क्रांती आडवी येऊ नये म्हणून तळघराला आतून कडी लावली. दाढीवाल्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि पडद्यावर सगळी ताकद काढली.

१९ मार्च. डाव्या हाताने.
पिक्चर ट्यूब बॉम्बसारखी फुटली. काच उजव्या अंगठ्यात हाडापर्यंत. भिंतीवर रक्त. कडी काढायला गेलो तर हात निसटत होता. बाहेरून क्रांती ओरडत होती, "उघड! जयंत, उघड ना!" मग ती नुसतीच रडायला लागली. वरच्या मजल्यावरच्या शेजारीण फ्राउ किर्शनरना वाटलं, मी बायकोला मारतोय. पोलीस आले, त्यांनी दार फोडलं. मी म्हणालो, टेक्निकल ट्रायल चालू होती. शिरा शिवल्या. पण टीव्ही पूर्ण फुटला, म्हणजे प्लॅन यशस्वी.

२५ मार्च.
क्रांती सहा दिवस बोलली नाही. आज काचा, रक्त, सगळं तिने एकटीने भरलं आणि डेपोत नेलं. परत आल्यावर विचारलं, दिलेस ना पंधरा युरो? म्हणाली, "कालपासून नवा कायदा लागू झालाय. फी बंद."

जेवताना पोळी तोडता येईना. तिने माझं ताट स्वतःकडे ओढलं, घास करून ठेवले आणि खाली बघत म्हणाली, "खा."
खाल्लं.