गिलावा नसलेलं देऊळ

प्रिय प्रांजल,

गावाकडं, आण्याला पोचले. तुझ्या बापानं, हनुमंतानं, मला पायावर पाणीबी घेऊ दिलं न्हाई, दारातच इचारलं, तुझं लग्न लागणार ते चर्च कसं हाय. त्यानं सगळं माझ्यावर टाकलंय, हे तुला ठाऊक हाय. मी हो म्हणले तर तो तुझ्या लग्नाला येणार, न्हाई म्हणले तर तुला हे दार बंद. मी म्हणलं, दम धर, आधी पोरीला लिहिते.

खरं सांगते, मला किळस आली. तू कौतुकानं सांगत व्हतीस, लांबलांबून माणसं हे बांधकाम बघायला येत्यात. मला तर पाण्याची टाकी पालथी घातल्यागत दिसलं. कळस न्हाई, रंग न्हाई, सिमेंट ओततानाच्या फळ्यांचे वळ तसेच भिंतीवर. आत शिरलं की थंडगार, कोंबडी अंड्यांवर खुडूक बसायची न्हाई असं. तुझ्या होणाऱ्या सासूला, ऋतिकच्या आईला मी इचारलं, गिलावा कधी करणार? रत्नाबाई हसली न् म्हणाली, "आजी, माझ्या लग्नाच्या आधीच बांधून झालंय हे." मला वाटलं, ठेकेदार पळाला असंल.

माणसं बूट घालून थेट देवापुढं. मी चपला दाराशीच काढल्या. तिथं दगडी वाडग्यात पाणी व्हतं. देवाच्या दारात पाणी कशाला ठेवत्यात? मी पायावर घेतलं. ते कपाळाला लावायचं पवित्र पाणी हाय, हे मला कुणी सांगितलं व्हतं?

सगळी बघाय लागली. आन् तू दोन पावलं लांब सरकलीस, मी कुणाची कोण असल्यागत. त्या सिमेंटची किळस तर कधीच इसरले, तुझ्या सरकण्याची मात्र अजून जात न्हाई.

रत्नाबाईनं आपल्या चपला काढल्या, माझ्या चपलांशेजारी ठेवल्या, माझा हात धरला न् अनवाणी आत नेलं. मग उघड्या फरशीवर गुडघे टेकून बसली. उठताना तिचे गुडघे कडाकडा वाजले, ते तू ऐकलं न्हाईस.

हे पाकीट चिकटवलं की हनुमंताला हो सांगणार हाय. तुझ्यासाठी न्हाई, त्या बाईसाठी. गावातल्या गोकुळबरोबर घोंगडं धाडते, आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं, तुझ्या आज्यानं विणून घेतलेलं. लग्नादिवशी रत्नाबाईच्या गुडघ्याखाली ते तू अंथरायचं. आपल्या हातानं, सगळ्यांदेखत. त्याला मेंढराचा वास येतो. तवा लांब सरकू नको.

तुझीच, सरकलीस तरी तुझीच,
भिमाआजी