दामूच्या दहाव्याची पैज

प्रिय दामू,

देव न मानणं तुला केवढ्याला पडलं, ते आज बसून मांडलं. गडब गावचा तुझा सख्खा भाऊ तुटला. आईच्या वर्षश्राद्धाला तू बसला नाहीस, तेव्हापासून त्याने बोलणं टाकलं. तुझ्या लेकीची, सुनंदाची, पहिली सोयरीक ठरता ठरता मोडली. पालखी तुझं दार सोडून पुढे जायची आणि वहिनी खिडकीतून बघत राहायच्या. आणि माझं मानणं मला केवढ्याला पडलं? मंगळवारी नारळ आणि चतुर्थीचा उपास, तोही साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन.

मेलेल्या माणसाला पत्र कशाला, म्हणशील. परवा तुझं दहावं आहे, म्हणून. ते तुला नको होतं.

मी रोह्याहून पेणला आलो तो गणपतीच्या कारखान्यात माती मळायला. तू तिथे डोळ्यांची आखणी करायचास. पुढे माझा स्वतःचा कारखाना झाला, तरी डोळ्यांना हात तुझाच. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘दुसऱ्या कुणी आखलेला गणपती आमच्याकडं बघत नाय.’ देव न मानणाऱ्याच्या हातून देवाला नजर यायची! मला याची मोठी गंमत वाटायची, तुला कधीच नाही.

आखणीला बसताना तू चप्पल बाहेर काढून ठेवायचास. एकदा मी म्हटलं, ‘सापडलास. आतून मानतोस तू.’

‘चप्पल घसरते रे. हात हलला तर देव चकणा होईल, नि तू माझी मजुरी कापशील.’

वडखळला एस्टी बंद पडली होती, तो दिवस आठवतो? चहा पिता पिता मी तुला माझं गणित सांगितलं. देव असला, तर मानणाऱ्याचा फायदा. नसला, तर एक नारळ गेला. मग न मानण्यात शहाणपण कसलं?

तू कपातली साय बोटाने बाजूला केलीस. ‘या नाक्यावरून एक गाडी अलिबागला जाते, एक गोव्याला. दोन्हींची तिकिटं खिशात ठेवून उभा राहिलेला माणूस शहाणा का रे? त्याला कुठं जायचंच नाय. आणि देव असलाच, तर तू हिशोब करून आलायस हे त्याला कळणार नाय व्हय?’

मी उगाच पैसे द्यायला उठलो. तुझ्यापुढे मी नेहमी असाच उठायचो. आता तू नाहीस, म्हणजे पेणपासून रोह्यापर्यंत मला बोलण्यात गप्प करील असं कुणी उरलं नाही.

शेवटी सुनंदाने तुला रोह्याला आपल्या घरी नेलं. ती कपाळाला अंगारा लावायची आणि तू लावून घ्यायचास. मी हसलो, तर म्हणालास, ‘तो तिचा देव हाय. लावू दे. दहावं मात्र माझं हाय, ते करायचं नाय. बबन, शब्द दे.’

दिला.

आज दुपारी तिच्याकडे गेलो. कुंडलिका नदीच्या घाटावरची तयारी चालली होती. मी विषय काढला, तर तिने सूप खाली ठेवलं.

‘बबनकाका, तुमचंच सांगते. बाबांचं खरं असलं, तर पिंड ठेवून काय बिघडलं? चार मुठी भात वाया गेला. पण त्यांचं चुकलं असलं आणि ते कुठं अडकून राहिले, तर? मला झोप नाय हो लागत.’

माझंच गणित, दामू. तिने लहानपणी तुझ्या पडवीत बसून माझ्या तोंडून ऐकलेलं.

स्वतःच्या जिवावर पैज लावणं सोपं असतं रे. नारळ फोडला की मोकळा. इथे जीव तुझा आणि झोप तिची. खरंच अडकलास तर? मी विश्वास ठेवणारा माणूस आहे, मला भीती वाटते. तुला वाटली नाही, कधीच? की वाटायची आणि तरी तू दुसरं तिकीट काढलं नाहीस?

गाडीत परत येताना उत्तर सापडलं. मेल्यावर तू कुठे नसशीलच, तर पिंड ठेवून काही जात नाही, हे खोटं आहे. तू जातोस. भाऊ, सोयरीक, दारावरून गेलेली पालखी, एवढं मोजून जो माणूस उभा राहिला, त्याला आम्ही शेवटी आमच्या सोयीसाठी झुकवायचा. ते नारळापेक्षा महाग आहे.

म्हणून शब्द देतो: घाटावर पिंड ठेवला जाणार नाही. उद्या सकाळी रोह्याला जाऊन सुनंदासमोर बसेन. तिला रडायचं तेवढं रडू देईन, आणि तिची भीती माझ्या डोक्यावर घेईन. तू अडकलास, तर जाब मला विचारला जावा.

मात्र उद्या तिच्यापुढे काय बोलणार, ठाऊक नाही. आज दुपारी मी तिला ‘बरं’ म्हणून आलोय, आणि भटजींना ‘परवा घाटावर या’ हा निरोपही माझ्याच फोनवरून गेलाय.

तुझा,
बबन