पान सत्तेचाळीसची दुरुस्ती

मी, निवृत्त प्राध्यापिका, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती गुरुवारी डॉक्टर उघडणार आहेत. "कोणाच्याही दबावाशिवाय" असे लिहायला वकिलांनी बजावले आहे. तेवढे मला लिहिता येत नाही. समाज आपल्यावर सतत दबाव आणत असतो आणि तो आपल्याला जाणवतही नाही, हे मी चौतीस वर्षे पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवले आणि परीक्षेत त्याला दहा गुण ठेवले. म्हणून असे लिहिते की दबाव आहे, पण तो कोणा एका माणसाचा नाही, आणि तो एकोणीस वर्षांचा आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, गॅलरी आणि गळका नळ, हे माझी वहिनी आणि तिची धाकटी बहीण या दोघींना समाईक मिळावे. वाटणी करता येणार नाही. विकायचे झाल्यास दोघींनी एका टेबलाशी बसून सही करावी. त्या दोघी एकोणीस वर्षे एकमेकींशी बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. माझ्या भावाने तोंड वाकडे करू नये. त्याला काय मिळते ते पुढच्या कलमात आहे.

२. भिंतीवरच्या तीन तसबिरी. माझ्या समाजशास्त्राचे हे तीन आजोबा. वर्गात मी त्यांना टोपणनावांनीच हाक मारायचे, म्हणजे मुले घाबरत नसत. दाढीवाले, ज्यांना सगळीकडे मालक आणि मजूर यांचे भांडण दिसले, ते भावाला. त्यालाही तेवढेच दिसते. आकडेवाले, ज्यांनी आत्महत्येसारख्या अगदी खाजगी गोष्टीतही समाजाचा हात आकडे मांडून दाखवला, ते शेजारच्या कुलूपवाल्यांना, कारण दारात उभे राहून त्यांनीच मला सर्वांत चांगले प्रश्न विचारले. कचेरीवाले, ज्यांना नियमांच्या पिंजऱ्याची धास्ती होती, ते आमच्या विभागप्रमुखांना. एका खुर्चीसाठी त्यांनी मला तीन अर्ज भरायला लावले होते. तसबीर घेताना त्यांच्याकडून पोच घ्यावी.

३. पुस्तके महाविद्यालयाला. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मी लिहिलेल्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती मात्र देऊ नये. तिची एकच प्रत उरली आहे, टेबलाच्या खालच्या खणात.

४. बँकेत रुग्णालयाने काही शिल्लक ठेवलेच, तर नळ दुरुस्त करावा.

५. शोकसभा घेऊ नये. विभागप्रमुख बोलायला उभे राहिले की उभेच राहतात, बसत नाहीत.

६. आता पान सत्तेचाळीस. इतका वेळ मी टाळाटाळ करत होते.

त्या पुस्तिकेत मला भूमिका-संघर्ष समजावायचा होता. एकाच माणसाच्या दोन भूमिका एकमेकींच्या आड आल्या की तो काय करतो? वहिनी तेव्हा साबणाच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर होती आणि धाकटी तिच्याच हाताखाली खोकी भरायची. बायकांनी आठ तास उभ्याने काम करायचे, असा नियम होता. वहिनीने रिकाम्या खोक्यांच्या थप्पीमागे दोन स्टुलं लपवली होती, आणि पाळीपाळीने एकेक जण दहा मिनिटे टेकून यायची. हे तिने मला भाजी चिरता चिरता हसत सांगितले. मी ते छापले. नावे अर्थातच गाळली. "साबण कारखान्यातील एक पर्यवेक्षिका, जिची सख्खी बहीण तिच्या हाताखाली आहे," एवढेच लिहिले. नाव गाळले की माणूस लपतो, अशी आम्हा अभ्यासकांची समजूत असते. गावात साबणाचा कारखाना एक होता, आणि त्यात अशी बाई एकच.

एका बुधवारी पहिल्या बाकावरून व्यवस्थापकांची मुलगी म्हणाली, "बाई, सत्तेचाळीसवर आमचाच कारखाना आहे ना? मी काल बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुस्तकच ठेवून घेतलं!"

मी फळ्याकडे वळले आणि पुढची व्याख्या लिहायला घेतली. वहिनीला सावध करायला माझ्या हातात तीन दिवस होते. जाते, जाते म्हणत मी गेले नाही, कारण गेले असते तर कसे कळले तेही सांगावे लागले असते. शनिवारी स्टुलं सापडली. सोमवारी वहिनीला काढून टाकले.

त्याच आठवड्यात धाकटी रजेचा अर्ज घेऊन व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेली होती. वहिनीला संशय यायला तेवढे पुरले. सोमवारी संध्याकाळी वहिनीच्या स्वयंपाकघरात मी समोरच बसले होते.

"माझ्या पोटावर पाय दिलास. तूच," वहिनी तिला म्हणाली.

"ताई, मी रजाच मागितली गं. दुसरं काही बोलले नाही."

"ऊठ. चालती हो."

धाकटी माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही तरी सांगा हिला."

मी चहा ढवळत राहिले. त्यात साखर घातलेली नव्हती.

समाज एखाद्याला शिक्षा कशी करतो, हे मी पुढे दर वर्षी शिकवले. लग्नकार्यात पाठ फिरवणे, ताट पुढे न करणे, नाव न घेणे. उदाहरणे शोधावी लागली नाहीत. घरात धाकटी होती. दुसऱ्या आवृत्तीत मी सुपरवायझरच्या जागी परिचारिका घातली आणि आभारांच्या पानावर वहिनीचे नाव छापले. याहून नीच काम मी आयुष्यात केलेले नाही.

तरी जाहीर करते की स्टुलांची खबर धाकटीने दिली नाही. ती मी दिली, छापून दिली.

७. माझ्या पश्चात दोघी बहिणींना याच खोलीत बसवून वकिलांनी कलम सहा मोठ्याने वाचावे. वहिनी उठून जाऊ लागली तर तिला अडवू नये. धाकटीला मात्र शेवटपर्यंत ऐकू द्यावे.

हा मजकूर टाइप करायला मी धाकटीकडेच देते आहे. कारखाना सोडल्यापासून ती कोर्टासमोर टायपिंग करते. तोंडाने सांगायची हिंमत मला झाली नाही. कागद परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नाही.

साक्षीदार पहिले : शेजारचे कुलूपवाले. (सही बाकी)
साक्षीदार दुसऱ्या : तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. (सही बाकी)
ठिकाण : राहते घर.
तारीख : सहीच्या दिवशी घालावी.
मृत्युपत्र करणारीची सही :

टाइप करणारीची नोंद, मूळ मजकुरात नाही :

बाई, कलम सहा तीनदा टाइप केलं. दोनदा कागद फाडला. तुमचा एकही शब्द बदललेला नाही.

कलम सात मला मान्य नाही. तुम्ही गेल्यावर वकिलांनी वाचायचं आणि आम्ही ऐकायचं, म्हणजे तेव्हाही तुम्ही चहाच ढवळत बसणार. दुपारी मी ताईकडे गेले होते. तिने दाराची साखळी काढली नाही. मी फटीतूनच सांगितलं, बुधवारी सकाळी दहाला बाईंकडे ये. कशाला, ते सांगितलं नाही. ते तुम्ही सांगायचं. दार लोटता लोटता ती म्हणाली, "येते."

सहीची जागा मोकळी ठेवली आहे. आधी सांगा, मग सही करा. खुर्च्या तीन मांडून ठेवा.