आजोबांचा तोफगोळा तुझाच, ताई

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? (उत्तर देऊ नकोस, तीन वर्षं दिलं नाहीस, एकदम सवय मोडायला नको.) इकडे आम्ही खुशाल, म्हणजे अक्षरशः जिवंत आहोत.

आजोबांनी लढाईवरून ट्रंकेत घालून आणलेला तोफगोळा तू विसरली नसशीलच, त्याच्यापायीच तर बोलणं टाकलंस. घरातल्या प्रत्येक पोराने दहाव्या वाढदिवशी तो छातीपर्यंत उचलून दाखवायचा, हा आजोबांचा दंडक. तू उचललास. मी पाडला. तरी वाटणीत ‘मुलगा मी’ म्हणून मीच घेऊन आलो. तेव्हापासून तो बैठकीच्या दाराला टेकवलेला असायचा, आणि हातोडी सापडली नाही (ती कधीच सापडत नाही) की मी त्याच्याच बुडाने खिळे ठोकायचो.

परवा रंगारी आला. हा गृहस्थ पूर्वी लष्कराच्या कोठारात कामाला होता. गोळा सरकवायला वाकला, वाकल्यावाकल्याच थिजला, आणि ब्रश, डबा, शिडी अन् एक चप्पल टाकून जो सुटला तो थेट पोलीस चौकीत. अर्ध्या तासात अख्खी इमारत रस्त्यावर! वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक अर्धी दाढी करून उभे, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. बॉम्बवाले साहेब म्हणाले, आतली दारू शाबूत आहे. मग बुडाचे पोचे बघून त्यांनी विचारलं, हे कशाने? हिने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. (लग्नानंतर इतकी तत्परता प्रथमच.) खिळ्यांचं ऐकून साहेब दोन पावलं मागे सरकले. वाढदिवसांचं सांगितलं, तेव्हा फुटपाथवरच बसले बिचारे.

वाळूच्या पेटीत घालून नेला गं. दाराशी आता नुसता गोल डाग उरलाय. खरं सांगतो, गलबलून आलं. गोळ्यासाठी नाही, त्या लोखंडापायी तुला दुखावलं म्हणून. उचललास तू, हक्क तुझाच होता. हे मी लेखी मान्य केलं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. लेखी म्हणजे साहेबांच्या अर्जावर. ‘स्फोटक वस्तूचे मालक’ या रकान्यात तुझं नाव-पत्ता घातला आहे.

आणखी एक ता. क. सोमवारी सकाळी ते तुझा जबाब घ्यायला येताहेत. त्यांच्याच गाडीत मीही आहे. त्यांना चहा दे, आणि माझ्यावर काय ओरडायचं ते तीन वर्षांचं एकदम ओरडून घे. तुझा आवाज ऐकायचाय गं.